भिंगरीचा अंगठा

भिंगरी तान्ही असताना तिला पाळण्यात घालून आई विहिरीवर गेली, तर परत येईपर्यंत पाळणा अंगण ओलांडून फाटकापाशी पोचला होता, असं तिच्या माहेरची माणसं शपथेवर सांगत. सासरच्यांनी या शपथेला कधी खोटं म्हटलं नाही. त्यांनी तिला चाळीस वर्षं पाहिलं होतं. ती जेवायला बसायची म्हणजे एका गुडघ्यावर टेकायची, आणि दुसरा घास तोंडात जाईपर्यंत उठून कोंबड्यांना हाकलून, दोरीवरचे कपडे उलटे करून परत आलेली असायची.

तिचं खरं नाव नवऱ्याला आठवायला वेळ लागे. तसा त्याला सगळ्यालाच वेळ लागे. गावानं त्याचं नाव मुक्काम ठेवलं होतं, कारण तो जिथे बसेल तिथे मुक्कामच. अंगणाच्या कोपऱ्यात पालथ्या घमेल्यावर बसून तो टोपल्या विणायचा, आणि एक टोपली पूर्ण होईपर्यंत पहिल्या काड्यांना वाळवी लागायची, असं गिरणवाला म्हणे. गिरणवाल्याचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण हे थोडंफार धरायला हरकत नाही.

घर चालत होतं ते भिंगरीच्या उजव्या अंगठ्यावर. त्या अंगठ्याचं नख जाड, पिवळसर आणि विळ्यासारखं आत वळलेलं होतं. उन्हाळा चढला की वखारीतल्या बटाट्याला कोंब फुटायला लागतात. वेळच्या वेळी मोडले नाहीत तर कोंब बटाट्याला आतून पिऊन टाकतात. भिंगरी वखारीत बसे, बटाटा उचले, तळहातावर एकदा फिरवी, आणि ते नख प्रत्येक डोळ्यावरून खट्‌ खट्‌ करत जाई. बघायची गरज नसे. तोंड शेजारणीशी बोलत असे, डोळे वाटेवर असत, आणि अंगठा आपलं काम करत असे. तिची चाहूल लागली की बटाटे आपणहून डोळे मिटून घेतात, असं लोक म्हणत, आणि तीही ते नाकारत नसे.

मागच्या उन्हाळ्यात मात्र अंगठा हरला.

ऊन लवकर आलं आणि जाता जाईना. वखारभर बटाटा एकदम फुटला. भिंगरी, तिचा लेक, सून, अगदी मुक्कामसुद्धा मांडी घालून कोंब मोडत बसले. पुढचा ढीग संपेतो मागचा पुन्हा पांढरा व्हायचा. सुनेची बोटं काळी पडली, लेकाची कमर धरली. शेवटी वेफर्सच्या कारखान्याचा माणूस आला, ज्याला सगळे वेफरवाला म्हणत. त्याने एक बटाटा उचलला, दाबला, आणि इतक्या हळुवार परत ठेवला, की जणू चुकून दुसऱ्याचं मूल उचललं होतं.

"गुरांना घाला," तो म्हणाला. "गुरं तक्रार करत नाहीत."

गुरांनीही केली, पण ते नंतर.

त्या दिवशी लेक बोलला. तो टेम्पो चालवायचा. आपलं पीक असेल तेव्हा आपलं, नसेल तेव्हा लोकांचं. लांब कुठे कालव्याचं काम निघालं होतं, तिथे चालकाला राहायला खोली मिळत होती.

"आणखी एक साल बघतो," तो म्हणाला. "बटाटा टिकला तर राहतो. नाही टिकला, तर आम्ही दोघं जातो. तुम्ही इथे कोंब मोडत बसा."

"जा की," भिंगरी म्हणाली. "अडवलंय कोणी." आणि उठून तिने आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

यंदाचा उपाय सुनेने काढला. सून कमी बोलायची, पण बोलली की परत घ्यावं लागायचं नाही असं बोलायची. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक केंद्र होतं. तिथे बटाट्याला किरणं देत. मग त्याला कोंब येत नाही, आणि शीतगृहाचीही गरज पडत नाही.

"शीतगृहातच ठेवू की," मुक्काम म्हणाला.

"थंडीत बटाटा गोड होतो, बाबा. गोड बटाट्याचे काप कढईत काळे पडतात. वेफरवाला गोडाला हात लावत नाही. किरणं दिलेला नुसत्या गार वखारीत राहतो आणि गोडही होत नाही."

"आणि रात्री चमकतो," गिरणवाला फाटकातून म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. "दिव्याचा खर्च वाचेल तुमचा."

"तुमच्या पिठातले किडे चमकतात का हो?" सून म्हणाली. "नाही, त्यांना निवडताना बरं पडलं असतं."

गिरणवाला पुढे सरकला. भिंगरीला मनातून हसू आलं, पण सुनेच्या बोलण्यावर हसायची पद्धत त्या घरात पडली नव्हती, म्हणून तिने ते गिळलं. गिळताना तिच्या ध्यानात आलं की कोंब येणार नसतील, तर अंगठा काय करणार. हे मात्र गिळलं गेलं नाही.

बटाटा काढला. बियाणाचा वेगळा काढून माळ्यावर पसरला. बाकीचा सावलीत मुरू दिला, कारण केंद्रावरून तसा निरोप होता: खणताना लागलेलं खरचटणं भरून यायला हवं, साल धरायला हवी. मग लाकडी फळ्यांच्या पेट्या भरल्या. दोन फळ्यांमध्ये हवा खेळायला चार बोटं जातील एवढी फट असलेल्या पेट्या. टेम्पो भरला, आणि भिंगरी पुढे चढून बसली.

"तू कशाला?" लेक म्हणाला.

"माझे बटाटे आहेत. काय करतात ते बघायला नको?"

केंद्राची भिंत एवढी जाड होती की तिच्या आत एक खोली काढून भाड्याने देता आली असती. निळ्या कोटातल्या एका बाईने सगळं समजावून सांगितलं. आत खोल पाण्याचा हौद आहे. किरणांचा गाभा त्या पाण्यात बुडवून ठेवतात. पेट्या साखळीवरून वळणं घेत आत गेल्या की गाभा वर येतो, किरणं बटाट्यातून आरपार जातात, आणि पेट्या दुसऱ्या बाजूने बाहेर. प्रत्येक पेटीवर तिने एक पिवळी चकती चिकटवली. पेट्या बाहेर आल्या तेव्हा चकती लाल झालेली होती. बाकी काहीच झालेलं नव्हतं.

भिंगरीने फटीतून बटाट्याला बोट लावलं. गार. वास घेतला. मातीचा.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"फसवत तर नाही ना, बाई? आम्ही घरी पोचलो की पिवळी व्हायची."

कोटातली बाई हसली. "नाही व्हायची. आता यांना कोंब येणार नाही. पण मावशी, एक नीट ऐका. फुटायची ताकद गेली, तशी जखम भरायची ताकदही गेली. आधी खरचटलं तर बटाटा स्वतःच नवी साल धरतो. आता धरणार नाही. ठेच लागली, नख लागलं, की ते उघडंच राहील आणि तिथून सडेल. पेट्या रचायच्या, वखार गार ठेवायची आणि विसरून जायचं."

भिंगरीने मान डोलावली आणि परतीच्या वाटेवर लेकाला बजावलं, "ऐकलंस ना? पेट्या आपटू नकोस. तुम्हा लोकांचे हात म्हणजे फावडी."

आपले हात हे हात आहेत, हे तिच्या मनातच आलं नाही. आणि विसरून जाणं हे तिला जन्मात जमलं नव्हतं. तिच्या लग्नाला कोण कोण आलं नव्हतं ते तिला अजून तोंडपाठ होतं.

पेट्या वखारीत छतापर्यंत रचल्या. खिडक्यांना ओली पोती लावली. सकाळी कामावर जायच्या आधी आणि आल्यावर सून विहिरीवरून पाणी आणून ती पोती भिजवायची. ओल्या दोरीने तिच्या तळहातांना भेगा पडल्या. लेक टेम्पोवर, सून लोकांच्या शेतात खुरपायला, मुक्काम घमेल्यावर. ऊन वाढत गेलं. पत्रे तडतडू लागले.

आणि भिंगरीला काम उरलं नाही.

पहिले काही दिवस तिने भांडी घासली. मग कोंबड्यांना एकेक करून शिस्त लावली, तेव्हा त्यांनी अंडी देणं बंद केलं. मग अंगण झाडायला घेतलं, आणि इतकं झाडलं की घराचा उंबरा एक पायरी वर आल्यासारखा दिसू लागला. मुक्काम घमेल्यावरून बघत होता.

"अजून झाडशील तर पाणी लागेल," तो म्हणाला.

"तुम्ही तोंड बंद ठेवून विणा."

अंगठा ठणकायला लागला. तो खरंच ठणकायचा. कामाच्या दिवसांत दुखला नव्हता तो आता रिकामा दुखू लागला. बोलताना तो तर्जनीच्या कडेवर आपोआप घासत राही, खट्‌ खट्‌. झोपेतही चालायचा. मुक्कामच्या दंडावर बारीक ओरखडे उठले होते.

एका दुपारी ती वखारीत गेली. नुसती बघायला.

दरवर्षी या दिवसांत वखारीत शिरलं की गलका असल्यासारखं वाटायचं. कोंबांचा ओलसर हिरवा वास, पेट्यांमधून डोकावणारी पांढरी बोटं. यंदा काही नाही. बटाटे ठेवले तसे होते. पाहुण्यांच्या घरी बसवलेल्या मुलांसारखे गप्प. तिला ते बरं वाटेना. एवढं सगळं असं गप्प बसू शकतं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं, मुक्काम सोडून.

तिने फटीतून बोटं घातली. एक बटाटा जागच्या जागी फिरवला. अंगठा डोळ्यावर आला. तिथे किंचित उंचवटा होता, फुटावं की न फुटावं या विचारात अडकल्यासारखा.

"हे बघ," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणे येणार नाही."

खट्‌.

अंगठ्याचा ठणका थांबला. तिने सुस्कारा सोडला आणि पुढच्या बटाट्याकडे वळली.

ती बाहेर आली तेव्हा मुक्कामने मान वर केली. "कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही."

"मग लवकर आलीस."

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. सगळे कामावर गेले की आधी बसून खालच्या पेट्या, मग उभं राहून मधल्या. आपण काही करतोय असं तिला वाटत नव्हतं. ती राखण करत होती. लेक राहायला हवा होता, तिला तो राहायला हवाच होता; देवाशपथ, या एका गोष्टीसाठी ती काहीही करायला तयार होती. फक्त काही न करायला तयार नव्हती.

वास पहिल्यांदा सुनेला आला. पोतं भिजवता भिजवता ती थांबली, बादली खाली ठेवली आणि फळीला नाक लावलं. मग तिने एक पेटी ओढली. कडेचा बटाटा बोटाखाली खचला.

लेकाने त्या दिवशी टेम्पो काढला नाही. पेट्या अंगणात आल्या. काही बटाटे एका बाजूने काळे आणि चेपलेले, काहींतून पाणी सुटलेलं, आणि त्यांनी शेजारच्यांनाही धरलेलं. माश्या आल्या. गिरणवालाही आला.

"चमकत नाहीत," तो म्हणाला. "पण वास मात्र लांबून दिसतो."

"किरणं," लेक बायकोकडे बघून म्हणाला. "किरणांनी टिकतात. साऱ्या गावाला सांगत होतीस."

सून सडके वेगळे काढत होती. तिने मान वर केली नाही.

"कानात बोळे घातलेत? तुझ्या शहाणपणापायी वर्ष गेलं. मागच्या साली निदान गुरांनी खाल्ला."

"वरच्या पेट्या चांगल्या आहेत," सून म्हणाली.

"वरच्या पेट्यांना काय पूजायचं?" हे तो गिरणवाल्याच्या देखत बोलला, आणि सुनेचे कान लाल झालेले भिंगरीने पाहिले. मग तो आत गेला. पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. त्याने ती अंगणातून फरफटत नेली आणि टेम्पोच्या हौद्यात टाकली. आपटण्याचा आवाज असा झाला की मुक्कामच्या हातातली काडी मोडली.

भिंगरी खाली बसली होती आणि भराभरा सडके निवडत होती. कामाला जोर आला होता तिच्या. सडका भाग पाहायचा, टोपलीत टाकायचा. मग एक बटाटा तिच्या हातात थांबला. काळा डाग डोळ्याभोवतीच होता. डागाच्या मधोमध एक बारीक चंद्रकोर. तिने दुसरा उचलला. चंद्रकोर. तिसऱ्यावर दोन होत्या.

तिने अंगठ्याचं नख त्या खुणेत टेकवलं. चावी कुलपात बसावी तसं बसलं.

 तिचे हात थांबले नाहीत. ते आणखी भरभर चालू लागले. तिने खुणेचे बटाटे टोपलीत तळाशी दडपायला सुरुवात केली. वर बाकीचे, खाली खुणेचे. घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

"खालच्याच का सडल्या?" सून हळू आवाजात म्हणाली. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही.

"खाली दमट असतं," मुक्काम म्हणाला.

"हां," लेक टेम्पोपासून म्हणाला. "दमट. आणि तुझी ती ओली पोती. रोज पाणी, रोज पाणी."

झालं. कारण सापडलं होतं. चांगलं, पटण्यासारखं, सगळ्यांना ठाऊक असलेलं कारण. दमट. भिंगरीला नुसतं "हो ना" म्हणायचं होतं. सून तिच्याकडे बघत होती. रागाने नाही, विहिरीत पडलेली बादली दिसते का, असं वाकून बघावं तसं. तिच्या हातांच्या भेगांत सडक्याचं पाणी गेलं होतं आणि ती बोटं मिटू शकत नव्हती.

भिंगरी उठली.

"इकडे या सगळे," ती म्हणाली. "तुम्हीसुद्धा उठा हो. आज उठा."

मुक्काम उठला, यावरून प्रसंग काय होता ते समजावं. वखारीत अजून पेट्यांची एक रास जागची हलवलेली नव्हती. खालपासून वरपर्यंत फळ्यांवर ओलसर काळे डाग होते, आणि एका उंचीवर ते दोरी धरून आखल्यासारखे थांबले होते. त्याच्या वर फळ्या कोरड्या.

भिंगरी राशीकडे तोंड करून उभी राहिली. चपला काढल्या. टाचा उचलल्या. उजवा हात जेवढा जाईल तेवढा वर नेला. मधलं बोट जिथे पोचलं, बरोबर तिथे शेवटचा डाग होता.

"माझं एवढंच पोचतं," ती म्हणाली.

 तिचा हात वरच होता. खाली घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं.

"काय करत होतीस तू इथे?" लेक म्हणाला.

"बघत होते."

"बघतात डोळ्यांनी, आई."

"मला कुठे येतं तसं."

तेव्हा मुक्काम हसला. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग त्याने राशीचा आधार घेतला. "अरे," तो म्हणाला, "आणखी वीतभर उंच बायको करून आणली असती तर संसार बुडाला असता की."

सुनेने तोंडावर हात धरला. लेकाला हसू आलं नाही. तो बाहेर गेला आणि टेम्पोला टेकून उभा राहिला. ट्रंक मात्र त्याने खाली घेतली नाही.

"वरच्या पेट्या उन्हाळा काढतील," सून सासूला म्हणाली. "कोणी हात लावला नाही तर."

"तेवढ्यात वेफरवाल्याचं भागेल?"

"कसंबसं." मग ती थांबून म्हणाली, "मला वाटलं होतं उंदीर असेल. मग वाटलं, एवढा नेमाने येणारा उंदीर कुठला."

भिंगरी अंगणात गेली, नवऱ्यासमोर बसली आणि उजवा हात त्याच्या मांडीवर ठेवला.

"कापा."

"काय?"

"नख. मुळापर्यंत. काड्या तासायची सुरी घ्या."

मुक्कामने सुरी दगडावर लावली. या कामात त्याचा संथपणा कामी आला. दुसऱ्या कोणाकडून अंगठाच गेला असता. नख शिंगासारखं कठीण होतं. तो कड तासायचा, फुंकर मारायचा, पुन्हा तासायचा. गिरणवाला फाटकातून बघत होता. शेवटचा तुकडा उडाला तो कोंबडीने उचलला आणि टाकून दिला. नखाखालचं मांस गुलाबी निघालं, तान्ह्या मुलाच्या टाचेसारखं. वारा लागला तरी हुळहुळत होतं.

"दुखतंय?" तो म्हणाला.

"नाही." मग म्हणाली, "घट्ट धरा जरा हात. पळेल."

त्याने धरला.

सडका माल खड्ड्यात गेला. चांगल्या पेट्या सुनेने आणि लेकाने हलक्या हाताने जमिनीवर उतरवल्या. आता त्या भिंगरीच्या कंबरेएवढ्याच उंचीवर होत्या. वखारीला कुलूप लागलं, आणि सुनेने चावी सासूच्या हातात दिली.

"वेडी झालीस?" लेक म्हणाला. "मांजराच्या गळ्यात दुधाची किल्ली?"

"पोती मी बाहेरून भिजवीन. आत कोणी जायचं नाही," सून म्हणाली. "आणि कोणी जायचं नाही हे आईंनी बघायचं." मग तिने एक बटाटा पुढे केला. निरोगी होता, लाल चकतीच्या पेटीतलाच. "हा तुमचा. याचं काय करायचं ते करा."

भिंगरीने तो कमरेच्या थैलीत टाकला.

ते दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक, आणि थोडं अंगणाला. वखारीच्या दाराशी ती येरझाऱ्या घालायची. ट्रंक टेम्पोच्या हौद्यात तशीच होती. लेक तिच्यासकट भाडी मारून यायचा आणि ती खडखडत घरी परत यायची. प्रत्येक वळणावर तो आवाज भिंगरीला आधी ऐकू येई. पाय थांबायचे नाहीत, पण हात थैलीत असायचा. अंगठा बटाट्यावरून फिरायचा. डोळ्यावर आला की थबकायचा, आणि नख नसलेल्या त्या कोवळ्या मांसाने वळसा घालून पुढे जायचा. सुरुवातीला दर वेळी अंगात शिरशिरी यायची. पुढे पुढे तिला त्या बटाट्याचा प्रत्येक डोळा पाठ झाला, शेजाऱ्यांच्या दारांसारखा. ती त्याच्याशी बोलते असं गिरणवाला म्हणे. बोलत असेलही.

तिच्या येरझाऱ्यांनी दाराशी चर पडला आणि उन्हाळ्याच्या शेवटी आलेली पहिली सर त्यातून वाहून वखारीला वळसा घालून गेली. भिंतींच्या पायाला ओल लागली नाही. म्हणजे तिचं तेही फुकट गेलं नाही म्हणायचं.

वेफरवाला आला तेव्हा सगळीकडचा साठवलेला बटाटा संपत आला होता आणि नवा अजून मातीत होता. तो घाईत होता. त्याच्या गाडीत नेहमीप्रमाणे एक शेगडी आणि छोटी कढई होती. माल घेण्याआधी तो एक बटाटा कापून काप तळून बघे. पांढरट पिवळा आला तर सौदा, तपकिरी आला तर रामराम.

"मागच्या साली गुरांनी काय म्हटलं?" तो म्हणाला.

"तुमची आठवण काढली," सून म्हणाली.

"उघडा. एक नमुना द्या."

लेकाने चावीसाठी हात पुढे केला. भिंगरी दारासमोरून हलली नाही.

"पेट्या उघडायच्या त्या एकदाच, गाडीत चढवताना," ती म्हणाली. "चाचपायला मी कोणाला आत सोडत नाही. मलासुद्धा."

"बाई, बघितल्याशिवाय कसा घेऊ?"

भिंगरीने थैलीत हात घातला. बाहेर काढला तेव्हा तळहातावर तो बटाटा होता. फिरवून फिरवून त्याची साल नदीतल्या गोट्यासारखी तुळतुळीत झाली होती, आणि तो किंचित सुरकुतला होता, पण त्याच्यावर ना कोंब होता ना डाग. ना चंद्रकोर.

"हा त्यातलाच," ती म्हणाली. "रोज हाताळलेला. याचं हे असं, तर न हाताळलेल्यांचं काय ते बघा."

लेकाने बटाट्याकडे पाहिलं, मग आईच्या अंगठ्याकडे. नख पुन्हा वाढलं नव्हतं. वाढू दिलं नव्हतं.

वेफरवाल्याने काप काढले. तेल तापलं. काप कढईत पडले, तडतडले, उलटले. सगळे कढईवर वाकले होते. तेवढ्यात भिंगरी तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आली. काप वर आले तेव्हा ते कोवळ्या उन्हाच्या रंगाचे होते. वेफरवाल्याने एक मोडला. कानाशी नेऊन मोडला. मग खाल्ला, आणि मग बाकीचेही खाऊ लागला, तेव्हा सुनेने एक त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

"भरा," तो तोंडात काप असतानाच म्हणाला. "सगळा. आणि पुढच्या सालचा बाहेर कोणाला शब्द देऊ नका."

लेकाने टेम्पो मागे घेऊन वखारीच्या दाराला लावला. फळका पाडला. हौद्यात ट्रंक होती. तो क्षणभर तिच्याकडे बघत उभा राहिला, मग बायकोकडे.

"जागा लागेल," सून म्हणाली.

त्याने एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या. ट्रंक खाली आली आणि अंगणात टेकली. पेट्या एकेक करून चढू लागल्या. लेक इतक्या सावकाश उचलत होता की मुक्कामने दोनदा त्याला घाई केली.

भिंगरीचा हात थैलीत गेला. थैली रिकामी होती. तिने इकडे तिकडे पाहिलं. झाडायला अंगण होतं, हाकलायला कोंबड्या होत्या. सून तिच्याजवळ आली आणि तो ओढून घेतलेला काप तिच्या हातावर ठेवला.

भिंगरी ट्रंकेवर बसली. एका गुडघ्यावर नाही. चांगली ऐसपैस, मांडी घालून. काप तिने चार घासांत खाल्ला, आणि खाऊन झाल्यावरही उठली नाही. शेवटची पेटी चढली, वेफरवाला गेला, गिरणवाला येऊन पाहून गेला, सावल्या फाटकापर्यंत लांबल्या. ती तिथेच होती.

"आई, ट्रंक आत ठेवायचीय," लेक म्हणाला.

"कोणत्या आत? घरात?"

"मग कुठे?"

"तर मग राहू दे. सावकाश ठेव."

मुक्कामने घमेल्यावरून मान वर केली, बायकोकडे नीट पाहिलं, आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"माझं नाव हिला देऊन टाका," तो म्हणाला.